कार्यशाळेत घडलेला संगणक

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सगळ्या पट्ट्यात घरोघरी एकच वाद पेटतो. मुलाने पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेऊन पुढे कॉम्प्युटर सायन्सची पदवी धरावी, की डिप्लोमा किंवा आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत कामाला लागावे? पूर्वी या वादाचा निकाल घरातल्या घरात, गुणपत्रिका समोर ठेवून लागत असे. आता तो व्याख्यानांतून आणि मार्गदर्शन मेळाव्यांतून रंगतो. एक पक्ष सांगतो की भविष्य संगणकाचे आहे, हातात पाना धरण्याचे दिवस गेले आणि आयटीआय-डिप्लोमा हा गुण कमी पडलेल्यांचा मार्ग आहे. दुसरा पक्ष सांगतो की कृत्रिम बुद्धिमत्ता आता प्रोग्रामरांच्याच नोकऱ्यांवर उठली आहे, तेव्हा आपला लेथच बरा. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत असले तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे: संगणक हे डोक्याचे काम, लेथ हे हाताचे काम आणि मुलाने सोळाव्या वर्षी यांपैकी एक निवडून दुसऱ्याला कायमचा रामराम ठोकायचा.

माझा आक्षेप या एकमतावर आहे. संगणक नावाची वस्तू मुळात जन्माला आली तीच या दोन कामांची सांगड घालणाऱ्या माणसांच्या हातून. जो समाज ही सांगड तोडतो, हाताचे शिक्षण एका इमारतीत आणि डोक्याचे दुसऱ्या इमारतीत ठेवतो, तो संगणक विकत घेईल, चालवील, त्यावर नोकरीही करील; पण तो घडवणार नाही. आणि ज्या शहरात फौंड्री, मशीन शॉप आणि तंत्रविद्यापीठ एकाच खानापूर रस्त्यावर उभी आहेत, त्या बेळगावला तरी ही फारकत परवडणारी नाही. हे केवळ तत्त्व म्हणून सांगून भागणार नाही, म्हणून मी एका माणसाचे चरित्र पुढे ठेवतो. त्याचे नाव टॉमी फ्लॉवर्स. आपल्याकडच्या संगणकावरच्या भाषणांत हे नाव ऐकू येत नाही आणि ते का येत नाही, हाही या वादाचाच एक भाग आहे.

फ्लॉवर्स यांचा जन्म २२ डिसेंबर १९०५ रोजी लंडनच्या पूर्व भागातल्या पॉपलर या कामगार वस्तीत झाला. वडील गवंडी. मुलगा शाळा संपवून थेट विद्यापीठात जाईल अशी त्या घराची ऐपतही नव्हती आणि तशी रीतही नव्हती. वुलिच येथील सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात त्याने यांत्रिक कामाची उमेदवारी केली, म्हणजे आपल्या भाषेत तो अप्रेंटिस होता. दिवसभर कारखान्यात काम आणि रात्री लंडन विद्यापीठाचे सायंवर्ग, असे करत त्याने विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९२६ साली तो ब्रिटिश पोस्ट खात्याच्या दूरसंचार विभागात लागला आणि १९३० साली डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रात गेला. तिथे त्याच्यासमोरचा प्रश्न टेलिफोन एक्सचेंजचा होता. त्या काळी एक्सचेंजमधली जोडणी रिलेने, म्हणजे टकटक करत उघडझाप होणाऱ्या विद्युत-यांत्रिक स्विचने होत असे. तीच जोडणी इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हने, म्हणजे तापवून चालणाऱ्या काचेच्या निर्वात नळीने करता येईल का, हे फ्लॉवर्स १९३५ पासून तपासत होते आणि १९३९ पर्यंत त्यांची खात्री पटली होती की संपूर्ण इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज शक्य आहे.

इथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे, कारण या वादात तो पुन्हा पुन्हा पुरावा म्हणून वापरला जातो. ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची सांकेतिक लिपी फोडण्यासाठी पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक बनवला, असे हमखास सांगितले जाते आणि त्यावरून निष्कर्ष काढला जातो की संगणक हे शुद्ध बुद्धीचे अपत्य आहे. ट्युरिंग यांची थोरवी वादातीत आहे. १९३६ च्या त्यांच्या शोधनिबंधाने गणनयंत्राची सैद्धांतिक चौकट घालून दिली. पण एनिग्मावर चालवलेले ‘बॉम्ब’ हे यंत्र इलेक्ट्रॉनिक नव्हते, विद्युत-यांत्रिक होते. इलेक्ट्रॉनिक यंत्र बनले ते लॉरेंझ या वेगळ्या आणि अधिक अवघड जर्मन यंत्रासाठी, आणि ते बनवले पोस्ट खात्यातल्या फ्लॉवर्स यांनी, सिडनी ब्रॉडहर्स्ट, विल्यम चँडलर आणि ॲलन कूम्ब्स या सहकाऱ्यांसह. त्याचे नाव कोलोसस.

ते यंत्र कसे घडले हे थोडे बारकाईने पाहायला हवे, कारण माझा सगळा युक्तिवाद त्या तपशिलात आहे. लॉरेंझमध्ये बारा चाके होती आणि जर्मन लष्कराच्या वरिष्ठ पातळीवरचे संदेश टेलिप्रिंटरवरून त्यातून जात. बिल टट या तरुण गणितज्ञाने ते यंत्र डोळ्यांनी न पाहता, निव्वळ पकडलेल्या संदेशांवरून त्याची अंतर्गत रचना शोधून काढली. पुढे मॅक्स न्यूमन यांनी ठरवले की त्यानंतरची मोजदाद यंत्राने करावी. पहिल्या यंत्रात, ज्याला ‘हीथ रॉबिन्सन’ म्हणत, दोन कागदी फिती एकाच वेळी धावत: एकीवर पकडलेला संदेश, दुसरीवर चाकांचा नमुना. दोन्ही फिती एका लयीत चालल्या तरच मोजणी बरोबर येणार. पण कागद ताणला जाई, भोके मोठी होत, फीत तुटे आणि लय बिघडे. गणितात काहीच चूक नव्हती. गाडे कागदापाशी अडले होते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये फ्लॉवर्स यांनी सुचवले की दुसरी फीत काढूनच टाकावी आणि चाकांचा नमुना यंत्राच्या आत व्हॉल्व्हच्या मंडलांनी तयार करावा. मग फीत उरते एकच आणि दोन फितींची लय जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या एका फितीवर अक्षरांच्या भोकांच्या मधून जी बारीक भोके असतात त्यांतून प्रकाश जाऊ देऊन यंत्राचा ठोका त्या भोकांवरूनच घ्यायचा; फीत किंचित हळू-जलद झाली तरी यंत्र तिच्याच चालीने चालेल. या यंत्राला दीड हजाराहून अधिक व्हॉल्व्ह लागणार होते. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडण्याच्या गुप्त केंद्रातल्या जाणत्यांना हे वेड वाटले, कारण व्हॉल्व्ह जळतात हे सर्वांना माहीत होते. हजार-दीड हजारांपैकी एखादा तरी सतत जळालेला असणार आणि यंत्र कधीच धड चालणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. फ्लॉवर्स यांना मात्र टेलिफोनच्या कामातून ठाऊक होते की व्हॉल्व्ह बहुधा चालू-बंद करताना जातो. तो सावकाश तापवला आणि नंतर कधीच बंद केला नाही, तर वर्षानुवर्षे टिकतो. हे ज्ञान त्या काळी कुठल्या प्रमेयात नव्हते. ते एक्सचेंजच्या खोल्यांत, रात्रंदिवस चालणाऱ्या उपकरणांच्या सहवासात मिळाले होते. ब्लेचलीकडून भक्कम पाठबळ न मिळाल्याने डॉलिस हिलमध्ये, स्वतःच्या खिशातले पैसेही घालून, त्यांनी सुमारे ११ महिन्यांत यंत्र उभे केले. जानेवारी १९४४ मध्ये ते ब्लेचलीला पोहोचले आणि ५ फेब्रुवारीला त्यावर पहिला खरा संदेश घेतला गेला. सेकंदाला ५,००० अक्षरे वाचताना कागदाची फीत सेकंदाला सुमारे १२ मीटर वेगाने धावत असे. सुधारित दुसरे यंत्र, २,४०० व्हॉल्व्हचे, १ जून १९४४ रोजी चालू झाले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले ते ६ जूनला. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे कामाला लागली होती.

आता उद्यमबागेत येऊ. काही काळापूर्वी एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी हायड्रॉलिक सिलिंडरचे काम पाहत उभा होतो. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवरचा मुलगा खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला, मराठी शाळेत शिकलेला, आयटीआय झालेला. प्रोग्राम तोच, टूल तेच, कास्टिंगही त्याच लॉटचे. पण सकाळी पहिल्या शिफ्टला बरोबर येणारे बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाचे माप दुपारपर्यंत दोन-तीन शतांश मिलिमीटरने सरकते, हे त्याने हेरले होते. मशीन तापले की स्पिंडल वाढतो, असे त्याचे निदान होते. त्याने किती वाजता किती ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती द्यायची याची छोटी सारणीच मशीनच्या दारावर खडूने लिहून ठेवली होती आणि दर तासाला बोअर गेज लावून तो ती दुरुस्त करत होता. त्याच शॉपमध्ये नव्याने आलेल्या पदवीधर इंजिनिअरला उष्णतेने धातू प्रसरण पावण्याचे सूत्र तोंडपाठ होते, पण ते सूत्र इथे, या मशीनवर, दुपारी दोन वाजता लागू होते हे त्याच्या गावीही नव्हते. उलट त्या ऑपरेटरला सूत्र येत नव्हते. म्हणून तो आपली सारणी दुसऱ्या मशीनला लावू शकत नव्हता. तिथे त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजत बसावे लागे. यांच्यापैकी अर्धशिक्षित कोण, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘दोघेही’ असेच आहे. पण आपला समाज त्यांपैकी एकालाच शिकलेला म्हणतो.

या म्हणण्याविरुद्ध जे आक्षेप आहेत ते हलके नाहीत. पहिलाच आक्षेप फ्लॉवर्स यांच्या गोष्टीवरच घेता येतो. टट आणि न्यूमन यांचे गणित नसते तर कोलोसस कशासाठी बनला असता? हे मला पूर्ण मान्य आहे. चाकांची रचना कोणत्याही कार्यशाळेत, कितीही वर्षे हात काळे करून सापडली नसती. म्हणूनच ‘लेथच बरा’ म्हणणाऱ्या दुसऱ्या पक्षाशी माझे तितकेच भांडण आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धास्तीने गणित आणि प्रोग्रामिंग सोडून हातकामाकडे वळा असे सांगणारा माणूस मुलाला त्या खडूच्या सारणीपाशीच थांबायला सांगतो. शिवाय आजचे मशीन शॉप तरी गणिताशिवाय कुठे चालते? ऑफसेट, कोऑर्डिनेट, प्रोग्रामचे कोड हे सगळे संगणकच आहे. फ्लॉवर्स हे गणितज्ञांना पर्याय नव्हते. त्यांच्यावाचून गणितज्ञांचे अडले होते आणि त्यांचेही गणितज्ञांवाचून अडले असते.

दुसरा आक्षेप काळाचा. १९४३ मध्ये एखादा कुशल तंत्रज्ञ संगणक उभा करू शकत होता. आजची चिप बनवायला अब्जावधींची गुंतवणूक आणि स्वच्छ खोल्या लागतात, तिथे आयटीआयच्या फिटरचे काय काम? प्रश्न रास्त आहे, पण चिप बनवणाऱ्या कारखान्याची कल्पना करताना आपण त्यातल्या यंत्रांचा विचार करत नाही. निर्वात पंप, वायूंच्या नळ्या, कंपन शोषणारे पाये, मायक्रॉनच्या अचूकतेने सरकणारे भाग हे सारे कोणीतरी घडवते, बसवते आणि चालू ठेवते. बेळगावच्या आसपास विमानांचे सुटे भाग आज बनतात, ते मापाच्या शिस्तीमुळे बनतात. ती शिस्त ज्या मुलांच्या हातात आहे त्यांना इलेक्ट्रॉनिक्स आणि गणित मिळाले, तर ते पुढच्या यंत्रापर्यंत का पोहोचणार नाहीत?

याला परदेशी दाखला हवा असेही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, रंगांधत्वामुळे ती सोडावी लागली, पण यांत्रिक रेखाटन त्यांनी आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिकवले. बेळगावात १८८८ साली त्यांचे सायकलचे दुकान सुरू झाले. आजही शहरातला किर्लोस्कर रोड त्या नावाने ओळखला जातो. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिला नांगर विकायलाच दोन वर्षे लागली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की या माणसाजवळ ड्रॉइंग काढणारा हात आणि भट्टीपाशी उभा राहणारा हात एकच होता. नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यावर ते औंध संस्थानात गेले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने तेव्हा एक कारखाना गमावला असे आपण हळहळून म्हणतो. कारखान्यापेक्षाही मोठी गोष्ट गेली ती म्हणजे असा माणूस जिथे घडतो ते वातावरण, आणि त्याबद्दल आपण बोलतच नाही. ज्यांच्या नावाने शहराजवळच्या आपल्या मच्छ्यातले तंत्रविद्यापीठ १९९८ साली सुरू झाले ते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकलेले पदवीधर होते. पण खडकवासल्याला १९०३ साली बसवलेली त्यांची आपोआप उघडणारी पूरद्वारे धरणाच्या भिंतीवर उभे राहूनच सुचण्यासारखी होती.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो मांडणाऱ्यांचा मला आदर वाटतो. ‘हाताच्या कामाची प्रतिष्ठा’ ही भाषा या देशात निष्पाप नाही. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या कामात गेल्या, त्यांच्याच मुलांना पुन्हा हातकामाकडे वळवण्यासाठी ती अनेकदा वापरली गेली आहे. मद्रास राज्यात १९५३ साली तेव्हाचे मुख्यमंत्री राजाजी यांनी आणलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या योजनेत मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला वेळ आईबापांच्या व्यवसायात घालवावा अशी कल्पना होती. तिला कुलशिक्षण, म्हणजे जातीचा पिढीजात धंदाच शिकवणारे शिक्षण म्हणून कडाडून विरोध झाला आणि वर्षभरातच ती मागे घ्यावी लागली. तो विरोध योग्यच होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिलेल्या, पण संयोजकांनी होऊ न दिलेल्या भाषणात म्हटले होते की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. त्या विधानाच्या प्रकाशात आजचे चित्र पाहिले तर काय दिसते? आयटीआयमध्ये कोणाची मुले जातात आणि कॉम्प्युटर सायन्सला कोणाची? व्यासपीठावरून कौशल्यविकासाचे गोडवे गाणाऱ्या किती जणांनी स्वतःच्या मुलाला फिटर किंवा टर्नर केले? चांभाराच्या, लोहाराच्या, शेतमजुराच्या घरातली पहिली शिकणारी मुलगी कॉम्प्युटर सायन्सची पदवी मागते तेव्हा ती नोकरीबरोबर पिढीजात कामातून सुटकाही मागत असते. तिला ‘हाताच्या कामाची प्रतिष्ठा’ शिकवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो आणि तरीही माझे म्हणणे सोडत नाही, कारण तो आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडत नाही, अधिक धारदार करतो. फ्लॉवर्स गवंड्याचे पोर होते. त्यांना वुलिचच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली आणि गोष्ट तिथेच संपली असती, तर ते उत्तम कामगार म्हणून निवृत्त झाले असते. वेगळे झाले ते सायंवर्गांमुळे. ज्या दारातून ते कारखान्यात शिरले त्याच दारातून पुढे विद्यापीठात जायला वाट होती आणि ती वाट कारखाना सोडायला लावत नव्हती. राजाजींच्या योजनेत नेमकी हीच वाट नव्हती. तिथे बापाचा व्यवसाय हाच मुलाचा शेवट होता. श्रमिकांची विभागणी मोडायची असेल तर खालच्यांना वर जाऊ देणे हा निम्माच मार्ग झाला. वरच्यांनाही हात काळे करायला लावले पाहिजेत. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांनी चार वर्षांत एकदाही हातात सोल्डरिंग आयर्न धरले नाही, मल्टिमीटर लावून जळालेला भाग शोधला नाही, तर त्यांच्या पदवीला अभियांत्रिकी म्हणायचे कशाच्या आधारावर? ब्राह्मण्य हे केवळ जन्माचे नसते, हाताला काम न लागू देण्याच्या शिक्षणपद्धतीतही ते असते.

पैशाचा आक्षेपही उरतोच. डिप्लोमा झालेला मुलगा ठेकेदाराकडून कामाला लागतो, वर्षानुवर्षे कायम होत नाही, आणि त्याचा पदवीधर वर्गमित्र बेंगळुरूला पहिल्याच वर्षी त्याच्या कितीतरी पट कमावतो. ज्या आईबापांनी हे पाहिले त्यांना डिप्लोमाचा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. अप्रेंटिसचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे, पण अनेक ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला मनुष्यबळपुरवठा एवढाच अर्थ उरला आहे. त्याला शिकवायचे असते ही गोष्टच विस्मरणात गेली. हा दोष कौशल्याचा नसून कौशल्याचे मोल चुकते करणाऱ्यांचा आहे. उद्यमबागेतल्या कारखानदारांना ‘चांगली मुले मिळत नाहीत’ अशी तक्रार करायची असेल, तर ती त्यांनी पगारपत्रक शेजारी ठेवून करावी.

आणि फ्लॉवर्स यांना तरी काय मिळाले, असे कोणी विचारील. ते विचारलेच पाहिजे. युद्धानंतर त्यांना १,००० पौंड देण्यात आले, जे त्यांच्या स्वतःच्या खर्चालाही पुरले नाहीत, आणि त्यातलेही बरेच त्यांनी सहकाऱ्यांत वाटले. कोलोसससारखेच दुसरे यंत्र बनवण्यासाठी त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितले. असे यंत्र चालेल यावर बँकेचा विश्वास बसला नाही म्हणून ते नाकारले गेले, आणि गुप्ततेच्या शपथेमुळे ‘मी ते आधीच चालवले आहे’ हे त्यांना सांगता आले नाही. दहापैकी आठ यंत्रे मोडण्यात आली. यंत्राचे आराखडे आणि कागदपत्रे वरून आलेल्या हुकमाप्रमाणे त्यांनी स्वतःच्या हातांनी डॉलिस हिलच्या भट्टीत जाळली. जगाला १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेचा एनिॲक हाच पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक वाटत राहिला. कोलोसस आजच्या अर्थाने सर्वकामी संगणक नव्हता, प्रोग्राम स्मृतीत साठवत नव्हता, तारा आणि स्विच बदलून त्याला काम सांगावे लागे, हे खरे. तरी इतक्या मोठ्या प्रमाणावर इलेक्ट्रॉनिक गणना विश्वासाने चालते हे त्याने आधी सिद्ध केले होते. फ्लॉवर्स पोस्ट खात्यात परतले, इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजच्या कामाला लागले. बचतरोख्यांची सोडत काढणारे ‘अर्नी’ हे यंत्र त्यांच्याच जुन्या चमूच्या हातचे; त्यावर १९५७ साली पहिली सोडत निघाली. १९७७ साली न्यूकॅसल विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. आणि १९९३ साली, सत्त्याऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी हेंडन कॉलेजमधून वैयक्तिक संगणक वापरण्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मिळवले. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी ते वारले. म्हणजे ज्या वर्षी बेळगावला तंत्रविद्यापीठ आले त्याच वर्षी.

त्यांचे नाव बुडाले ते मुख्यतः गुप्ततेमुळे, हे निर्विवाद. पण गुप्तता उठून पन्नासेक वर्षे होत आली तरी आपल्या व्याख्यानांत ट्युरिंगच येतात, फ्लॉवर्स येत नाहीत, याला गुप्तता जबाबदार नाही. गणितज्ञ लक्षात ठेवावा आणि व्हॉल्व्ह जोडणारा विसरावा, ही सवय आपली आहे. तीच सवय दहावीच्या निकालादिवशी ‘अरेरे, डिप्लोमाला घातलं का?’ या वाक्यातून बाहेर पडते.

मग करायचे काय, या प्रश्नाला टाळून हा लेख थांबवता येणार नाही. डिप्लोमा झालेल्या मुलाला पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळण्याची सोय कर्नाटकात आहे आणि अनेक मुले ती घेतात. पण त्यासाठी त्यांना नोकरी सोडावी लागते, आणि वर्गात गेल्यावर गणित त्यांना पाडते. विद्यापीठ त्यांना जादा गणिताचा विषय लावते, तोही इंग्रजीतून आणि इतर विषयांच्या ओझ्यावर आणखी एक ओझे म्हणून. ज्याने अपूर्णांक आणि त्रिकोणमिती मराठी किंवा कन्नड शाळेत चांगली शिकली होती तो मुलगा इंग्रजी वाक्यापाशी अडतो आणि आपल्याला गणितच येत नाही असे समजून बसतो. हे गणित प्रवेशाच्या आधी, सायंकाळी, मराठीतून आणि कन्नडमधून समजावून आणि परीक्षेपुरते इंग्रजीत लिहायला शिकवून देता येते. कामावर असणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळी पदवीचे वर्ग चालवायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आता वाट मोकळी केली आहे. अभियांत्रिकी महाविद्यालय उद्यमबागेतच आहे, विद्यापीठ त्याच रस्त्यावर पुढे आहे, पॉलिटेक्निक शहरात आहेत आणि सायंकाळी सहानंतर त्यांच्या वर्गखोल्या रिकाम्या असतात. अडचण शिफ्टच्या वेळेची आणि फीची आहे. दुसऱ्या शिफ्टचा मुलगा आठवड्यातून तीन दिवस पाच वाजता सुटला पाहिजे आणि त्याची अर्धी फी ज्या कारखान्याला त्याच्या ज्ञानाचा फायदा होणार त्याने भरली पाहिजे. त्याच्या बदल्यात पदवीनंतर दोन वर्षे तिथेच काम करण्याचा करार करायला बहुतेक मुले खुशीने तयार होतील. कारखानदारांच्या संघटनेने, महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने पुढच्या प्रवेशांच्या आधी एकत्र बसून एवढे जरी ठरवले, तरी त्या सीएनसीवरच्या मुलाला आपल्या सारणीमागचे सूत्र शिकण्यासाठी मशीन सोडावे लागणार नाही.